माळ खुंटीला टांगायची नसेल तर

पंढरीची माळ, म्हणजे वारकऱ्याची तुळशीची माळ, घालायला पाच मिनिटं लागतात. आळंदीत किंवा पंढरपुरात फडावरच्या (फड म्हणजे एका गुरुपरंपरेतल्या वारकऱ्यांची मंडळी) महाराजांपुढे बसायचं, ज्ञानेश्वरीवर ठेवलेली माळ त्यांच्या हातून गळ्यात घालून घ्यायची, नियम ऐकायचे, नमस्कार करायचा. अवघड असतं ते पुढचं वर्ष. त्यात गटारी येते, ३१ डिसेंबर येतो, मित्राची हळद येते, गावची जत्रा येते, कंपनीची पार्टी येते. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हसत म्हणतं, "आजच्या दिवस माळ खुंटीला टांग की!" टोमणे मारणाऱ्यापुढे माणूस उलट हट्टाला पेटतो. आग्रहानं वाढणाऱ्या मेहुण्यापुढे मात्र तो विरघळतो, आणि बहुतेक माळा तिथेच उतरतात. म्हणून तयारी करायची ती आग्रहाची.

नियम आधीच ठरवून घ्या

फडाफडाप्रमाणे थोडा फरक असतो, पण गाभा सगळीकडे एकच: मद्य-मांस वर्ज्य, एकादशी, नित्य हरिपाठ, वर्षातून एक तरी पंढरीची वारी, परस्त्री मातेसमान आणि परद्रव्याला हात नाही. अंडं मांसातच धरायचं.

घोळ होतो तो बारीकसारीक गोष्टींत. मांसाहारी हॉटेलातलं शाकाहारी जेवण चालेल का? चातुर्मासात कांदा-लसूण सोडायचं की नाही? केकमध्ये अंडं आहे का, हे विचारायचं की विचारायचंच नाही? याची उत्तरं शांत डोक्यानं, घरी बसून, वहीत लिहून ठेवा. शंका असेल तिथे फडावर विचारा. ताट समोर आल्यावर विचार करायला बसलात की निर्णय ताटच घेतं.

लिहिताना एक पथ्य पाळा: बारा महिने निभेल तेवढंच लिहा. नव्या माळकऱ्याची नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच महिन्यात सगळं एकदम सोडणं. कांदा-लसूण बंद, बाहेरचा चहा बंद, पहाटे चारचा काकडा रोज. तिसऱ्या महिन्यात रात्रपाळी लागते, काकडा चुकतो, मग "आपल्याकडून होत नाही" असं वाटून हरिपाठही सुटतो. काकडा नाही झाला तरी चालेल. हरिपाठाला सुट्टी नाही.

ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे २७ अभंग (काही प्रतींत २८) एकट्यानं म्हणायला साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतात. टाळ-मृदंगाबरोबर याच्या दुप्पट वेळ सहज जातो. घरी गोंगाट असेल तर लोकलमध्ये म्हणा, बसमध्ये ओठांतल्या ओठांत म्हणा, पण वेळ एकच ठेवा. मुंबईच्या लोकलमध्ये भजनी मंडळं आहेत, तुमच्या गाडीला असेल तर त्याच डब्यात चढा. एकट्यानं माळ टिकवणं फार जड जातं. आठवड्यातून एकदा तरी भेटेल आणि ज्याच्याशी खोटं बोलवणार नाही असा एक जुना माळकरी हाताशी हवा.

माळ टिकाऊ आणि उतरायला अवघड हवी

हे फारसं कुणी सांगत नाही, पण माळेचं माप महत्त्वाचं आहे. ८ मिलिमीटरचे १०८ मणी ओवले की माळ सुमारे ८६ सेंटीमीटर भरते. गळ्याला दोन वेढे घेतले की ती गळ्यालगत बसते, कॉलरखाली जाते. ६ मिलिमीटरची माळ ६५ सेंटीमीटरच होते. तिचे दोन वेढे बसत नाहीत, एकच वेढा छातीवर लोंबतो. ही लोंबती माळ डोक्यावरून सहज निघते, म्हणजे खुंटीपर्यंतही सहज पोचते. दोन वेढ्यांची माळ गळ्यातच गाठ मारून घालावी लागते आणि कापल्याशिवाय निघत नाही. लेथ, ड्रिल, कन्व्हेयर अशा यंत्रांवर काम असेल तर लोंबती माळ धोक्याचीच, तिथे दोन वेढ्यांची माळ बंद गळ्याच्या बनियनखाली हवी.

मणी निवडताना हातात घेऊन बघा. खऱ्या तुळशीचे मणी हलके असतात, एकसारखे नसतात आणि भोक बरेचदा मध्यातून थोडं सरकलेलं असतं. सगळे मणी हुबेहूब एकसारखे आणि गुळगुळीत असतील तर ते तुळशीचे नसण्याचीच शक्यता जास्त.

घामानं दोरा कुजतो, म्हणून वर्षातून एकदा माळ नव्यानं ओवा. नवी माळ तयार करून गळ्यात घालायची आणि मगच जुनी कापायची, म्हणजे गळा रिकामा राहत नाही. परातीत जुनं धोतर किंवा पंचा पसरा, म्हणजे मणी घरंगळत नाहीत. २७-२७ च्या चार ढिगल्या करा, मोजदाद चुकत नाही. दुहेरी सुती दोऱ्यासाठी दोन मीटर दोरा घ्या आणि मेण लावून ओढा. आधी वापरलेले मणी असतील तर भोकात तेल-घामाचा मळ बसलेला असतो, तो दाभणानं काढल्याशिवाय दोरा सरकत नाही. गाठ मारण्याआधी सगळे मणी एका टोकाला ढकलून बोटभर दोरा मोकळा दिसतो का बघा. तेवढी ढील नसेल तर मान वळवताना ताण येऊन दोरा गाठीजवळच तुटतो. नायलॉनचा दोरा जास्त टिकतो, पण त्याची गाठ निसटते, म्हणून टोक काडीनं जाळून बोथट करा.

गळ्यात माळ नसेल तर अन्न घ्यायचं नाही असा नियम. म्हणून एक जादा माळ कुंकवाच्या डबीत घालून पाकिटात किंवा पर्समध्ये कायम असू द्या. गर्दीत माळ तुटली तर सगळे मणी सापडणार नाहीत, शोधत बसू नका. हाताला लागतील ते गोळा करा, डबीतली माळ घाला. जुने मणी नदीत सोडण्यापेक्षा तुळशीवृंदावनातल्या मातीत घाला. इंद्रायणी-चंद्रभागेत आधीच काय कमी आहे!

बैठकीत काय बोलायचं

मराठी माणसांत दोन शब्द पुरतात: "माळ आहे." त्यापुढे काही बोलू नका. कारण दिलं की वाद सुरू होतो. "पोट बरं नाही" म्हणालात तर पुढच्या महिन्यात पोट बरं झालंय ना, असं विचारतील. "डॉक्टरनं बंद केलीय" म्हणालात तर चौथ्या पेगला सगळेच डॉक्टर होतात. खोट्या सबबीनं एक संध्याकाळ निभते आणि पुढची दहा अवघड होतात. पहिल्याच बैठकीत खरं सांगितलं तर दोन-तीन वेळा चेष्टा होते, मग लोकच नव्या माणसाला सांगतात, "त्याला नको विचारू, माळकरी आहे."

जिथे माळ म्हणजे काय हे माहीत नाही, उदाहरणार्थ परप्रांतातले सहकारी किंवा परदेशी ग्राहक, तिथे "मी दारू घेत नाही, मला लिंबू-सोडा सांगा" एवढंच. धर्म समजावून सांगायची ती वेळ नाही. नंतर कुणी गाडीत शांतपणे विचारलं तर जरूर सांगा.

बाकीची तजवीज अशी. टेबलाशी गेल्याबरोबर आपलं पेय आपण मागवा आणि ग्लास हातात धरा, रिकाम्या हाताला लगेच कुणीतरी ग्लास देतं. कॉकटेलच्या धर्तीवरची बिनदारूची पेयं टाळा, ती बरेचदा दारूच्याच शेकरमध्ये हलवतात. बाटलीबंद सोडा, लिंबू, नारळपाणी उत्तम. शून्य टक्क्यांची बिअर नियमात बसते का, हा वाद घालता येईल, पण पलीकडच्या टेबलावरून ती बाटली बिअरच दिसते आणि दुसऱ्या दिवशी तुमचे "माळ आहे" हे दोन शब्द फुकट जातात. दारूचं बिल वेगळं करायचं असेल तर ऑर्डरच्या आधी सांगा, बिल आल्यावर काढलेला विषय कंजूषपणा वाटतो. साहेबाचा आग्रह असेल तर पार्टीच्या दिवशी सकाळी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन एक वाक्य सांगून ठेवा. चारचौघांत नकार दिला की साहेबाचा मान जातो, मग तो इरेला पेटतो. जेवण झालं की निघा. दुसऱ्या फेरीनंतर आग्रहही वाढतो आणि बोलणंही घसरतं.

गटारीची गोष्ट वेगळी. ती आषाढ अमावस्या, म्हणजे दिव्यांची अवस. त्या संध्याकाळी घरी दिव्यांची पूजा ठेवा आणि शेजारच्यांना बोलवा. "घरी पूजा आहे" हे मग खरंच असतं.

आणि दुसऱ्याच्या ताटाकडे बघून तोंड वाकडं करू नका. माळेला सगळ्यात जास्त शत्रू उपदेशानं झालेत.

ताटातल्या लपलेल्या गोष्टी

भारतात पाकिटावर हिरवा ठिपका शाकाहाराचा, तपकिरी त्रिकोण मांसाहाराचा. जुन्या पाकिटांवर तपकिरी ठिपकाही दिसेल. ठिपका बघायची सवय लागली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं हॉटेलात असतं.

सूप मागवताना "व्हेज आहे ना?" असं विचारू नका, उत्तर नेहमी "हो" येतं. "स्टॉक कशाचा आहे?" असं विचारा (स्टॉक म्हणजे ज्यात सूप करतात ते उकळलेलं पाणी), मग वाढपी आत जाऊन विचारून येतो. भजी आणि सुरमई एकाच कढईत तळतात का, तंदुरी रोटी आणि कबाब एकाच भट्टीत जातात का, हेही विचारा. तुमच्या वहीत ते चालतं असं लिहिलेलं असेल तर विचारू नका, विचारून खाण्यात अर्थ नाही. बुफेत पहिल्या दहा मिनिटांत वाढून घ्या. पुढे रश्श्यातला डाव भाजीत आणि भाजीतला रश्श्यात फिरतो.

थाई पदार्थांत मासळीचा सॉस आणि कोळंबीची पेस्ट असते, चिनी पदार्थांत ऑयस्टर सॉस, वूस्टर सॉसमध्ये बहुधा अँचोवी हा मासा, जपानी सूपमध्ये सुकवलेल्या माशाचा दाशी. जेली, मार्शमेलो आणि औषधाच्या मऊ कॅप्सूलमध्ये बहुधा जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं. परदेशी चीझमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असू शकतं. लाल रंगासाठी ई १२० लिहिलं असेल तर तो किड्यांपासून काढलेला रंग आहे. प्लम केकमध्ये रम आणि तिरामिसूत दारू पडते. औषधाच्या बाबतीत मात्र आधी डॉक्टरांना शाकाहारी कॅप्सूल किंवा गोळीचा पर्याय विचारा, आणि नसेल तर औषध घ्या. माळेपायी औषध बंद करू नका.

सासर, माहेर, जत्रा

हा सगळ्यात कठीण भाग, कारण समोर आपलीच माणसं असतात.

माळकरी मुलगी रोज मासळी शिजणाऱ्या घरात जाणार असेल तर बोलणी लग्नाआधी व्हायला हवीत, साखरपुड्याआधी झाली तर उत्तम. प्रश्न दोनच: ती खाणार नाही हे चालेल का, आणि तिनं शिजवायचं की नाही? पहिल्याला सगळे हो म्हणतात. दुसरा कुणी विचारतच नाही, मग पहिल्या रविवारी सासूबाई बांगडे पुढ्यात ठेवतात. शिजवणार नसाल तर बदल्यात काय करणार हेही सांगा: भाकऱ्या, भात, आमटी, भांडी. कामातून पळ काढतेय असा समज झाला की भांडण माळेचं राहत नाही. वेगळा तवा, वेगळी कढई, वेगळी विळी आणि भांडी घासायला वेगळी घासणी, एवढं असलं की एका ओट्यावर दोन स्वयंपाक होतात. घासणी लोक विसरतात आणि कुरबुर तिच्यावरूनच होते.

संत बहिणाबाईंचं चरित्र अशा घरातल्या माणसानं जरूर वाचावं. तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्यानं मारलं, कोंडलं, हे त्यांनी स्वतःच अभंगांत सांगितलंय. त्यांनी संसारही सोडला नाही आणि नामही. पुढे नवरा निवळला. पण मारहाण सोसत राहावी असा त्याचा अर्थ काढू नका. आज हात उगारला जात असेल तर माहेरची माणसं, पोलीस आणि कायदा आहे, तिथे जा.

जत्रेत कुलदैवताला बोकडाचा मान असेल तर भावकीशी जत्रेच्या मांडवात भांडू नका. महिनाभर आधी, वर्गणी ठरते त्या बैठकीत बोला. तुमच्या वाट्याचे पैसे मांडव, फुलं, पाणी, पुरणपोळीच्या नैवेद्याकडे घ्या म्हणावं. घरचाच नवस असेल तर बोकडाऐवजी कोहळा कापायची रीत अनेक घरांत आहे, पुजारी आणि घरातली वडीलधारी मंडळी यांच्या संमतीनं ती घाला. जत्रेला जायचं मात्र टाळू नका. माळकरी झाला आणि भावकीतून उठला, असं झालं की पुढच्या पिढीतलं कुणी माळ घालत नाही.

लहान मुलांना माळ घालायची घाई नको. गंध आणि माळेवरून वर्गात चिडवलं तर पोराला एकच उत्तर पाठ करून द्या: "आमच्या घरी असतं." शाळेनं माळ काढायला सांगितली तर मुलाला मध्ये घालू नका. वर्गशिक्षिकेला स्वतः भेटा, नाही जमलं तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या.

पाकिटातला नियम

मटण न खाणारे माळकरी पुष्कळ आहेत. पाकीट न घेणारे त्या मानानं कमी, आणि गाव हेच मोजत असतो. सरकारी नोकरीत, ठेकेदारीत, खरेदी विभागात असाल तर परद्रव्याचा नियम रोज कसाला लागतो. दिवाळीची मिठाई घरी येऊ देऊ नका, ऑफिसात सगळ्यांसमोर उघडा आणि वाटून टाका. पुरवठादाराशी व्यवहार तोंडी न ठेवता लेखी ठेवा. टेबलावर पाकीट ठेवलंच तर हात न लावता दुसऱ्या सहकाऱ्याला बोलवा आणि त्याच्यासमोर परत न्यायला सांगा. वरून हिस्सा घेण्याचा दबाव असेल तर तारीख, वेळ, कोण काय बोललं याची नोंद त्याच दिवशी करा. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल-फ्री क्रमांक १०६४ आहे. बदलीची तयारी ठेवावी लागते, हेही खरं.

एकादशी आणि रजा

वर्षाला २४ एकादश्या, अधिक मासाच्या वर्षी २६. स्मार्त आणि भागवत असे दोन दिवस पडले तर वारकरी भागवत एकादशी धरतात. पंचांगात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तसं छापलेलं असतं. जानेवारीतच सगळ्या तारखा फोनमध्ये टाका आणि आदल्या दिवशी आठवण लावा. एकादशी मोडते ती मोहापेक्षा विसरण्यानं: सकाळी पोहे खाऊन झाल्यावर आठवतं.

दिवसभर साबुदाणा खाणाऱ्याला संध्याकाळी आम्लपित्त होतं आणि तो उपवासालाच शिव्या घालतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यापेक्षा भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, ताक, केळं, उकडलेलं रताळं यांवर दिवस बरा जातो. मधुमेह असेल, इन्सुलिन चालू असेल, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. दूध-फळांवर एकादशी होते, निर्जळीचा हट्ट नको. द्वादशीला सकाळी पारणं सोडायचं, आणि ते भरपेट तळणानं नको.

आषाढीची तारीख दरवर्षी सरकते: २०२३ साली २९ जून, २०२४ साली १७ जुलै, २०२५ साली ६ जुलै. म्हणून रजेचा अर्ज मागच्या वर्षीची तारीख बघून करू नका. पूर्ण पायी वारीची रजा मिळत नसेल तर वाखरी ते पंढरपूर हा शेवटचा टप्पा तरी चाला, किंवा पुण्याहून सासवडपर्यंत दिवेघाटाचा एक दिवस. तेही नाही जमलं तर कार्तिकी, माघी, चैत्री आहेत. अर्जात "वैयक्तिक कारण" लिहू नका, "पंढरपूर वारी" लिहा. दोन वर्षांनी वरिष्ठ स्वतःच विचारतात, यंदा कधी?

चूक झाली तर

नकळत तोंडात तुकडा गेला तर काढून टाका, चूळ भरा, ताट बाजूला करा आणि जागचे उठा. आरडाओरडा नको, वाढणाऱ्याचा पाणउतारा नको. माळ उतरवू नका. जाणूनबुजून घसरलात तर दोन दिवसांच्या आत त्या जुन्या माळकऱ्याला किंवा फडावरच्या महाराजांना सांगा, प्रायश्चित्त ते सांगतील. न सांगता माळ तशीच मिरवली की पुढची घसरण सोपी होते, आणि लाजेनं माळ उतरवली तर ती परत गळ्यात यायला वर्षं जातात.

ऑपरेशनच्या वेळी गळा मोकळा हवा असतो. भरती होतानाच नर्सला सांगा, माळ मनगटाला गुंडाळून चिकटपट्टीनं झाकू देतील का ते विचारा. एमआरआय असेल तर माळेत तांब्या-चांदीची तार किंवा हूक नको, नुसता सुती दोरा हवा. नाहीच परवानगी मिळाली तर माळ डबीत घालून घरच्या माणसाकडे द्या आणि शुद्धीवर आल्यावर पहिला घास घेण्याआधी गळ्यात घालायला सांगून ठेवा.

परदेशात असाल तर भारतातली तारीख जशीच्या तशी धरू नका. एकादशी तिथल्या सूर्योदयाच्या तिथीवरून ठरते, त्यामुळे अमेरिकेत ती कधी कधी वेगळ्या तारखेला पडते. पंचांगाच्या ॲपमध्ये आपलं गाव नीट निवडा. अनेक देशांत हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा पारण्याची वेळ पुन्हा तपासा.